गॅसच असेल

दोहा, रविवार, १२ जानेवारी २०२५

चिरंजीव श्रेयस,

नुसतं 'चि.' लिहून मोकळी होणार होते, पण यंदा अख्खा शब्द लिहिलाय. का ते पुढे कळेल.

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडायचं असेल तर आधी सोबतचे खजूर रुचाच्या हातात दे. तुझ्या बायकोचा काही गुन्हा नाही. विजयच्या ऑफिसातली ईरा नाशिकला माहेरी चालली होती, तिच्या बॅगेत दोन्ही कोंबलं. फोनवर तू मला ब्लॉक करून ठेवलंयस, म्हणून हा आजोबांच्या जमान्यातला मार्ग. तीन वर्षं झाली, माहितीय मला.

मुद्द्यावर येते. कॉलेजचा जिना चढताना तू मध्येच थांबतोस आणि नोटीस बोर्ड वाचल्यासारखं करतोस म्हणे. रुचावर चिडू नकोस, मी खोदून खोदून विचारलं तेव्हा तिने सांगितलं. एकच नोटीस किती दिवस वाचशील रे? आणि डॉक्टरांकडे चल म्हटलं की म्हणतोस, "ताईच्या हातात पुरावा द्यायला मी जाणार नाही." वा! तू सेहेचाळीसचा. अण्णा अडुसष्टाव्या वर्षी हृदयाने गेले, आजोबा पंचावन्नाव्या. पुढचं गणित तूच मांड, पोरांना तेच शिकवतोस ना?

अण्णांच्या तेराव्याला भरल्या पंगतीत मी जे बोलले ते विसरलेले नाही. त्यांच्या छातीत जळजळत होतं, तू ओवा चारलास, पोट चोळलंस, दोन तास काढलेस. "दोन तास काय केलंस? ओवा चारून मारलंस तू अण्णांना," असं म्हणाले होते. जागा चुकली, हे मान्य. बोलणं चुकलं असं मला अजून वाटत नाही. वाटत नाही ते लिहायचं कशाला?

मी आता इथल्या एका संशोधन संस्थेत काम करते. कतारमध्ये राबणाऱ्या फिलिपिनो लोकांची हृदयं कशी आहेत आणि बिघडली तरी ते डॉक्टरकडे का जात नाहीत, हा अभ्यास आहे. दर शुक्रवारी चर्चच्या आवारात टेबल टाकतो. प्रार्थना सुटली की माणसं येतात; बीपी बघायचं, ईसीजी काढायचा, अठ्ठावीस प्रश्न विचारायचे. परवा एकाला विचारलं, बीपीची गोळी घेता का? म्हणाला, घेतो ना, डोकं दुखलं की. कोणाची? रूममेटची. एका खोलीत सहा जण आणि सहांमध्ये मिळून एक पाकीट. आणि ते हसत हसत सांगतात, म्हणून रागावताही येत नाही.

त्यांच्या भाषेत बोलायला माझ्याबरोबर मरिसेल असते. चव्वेचाळीसची, उम्म सलाल मोहम्मद नावाच्या गावात एका बेकरीत दिवसभर गल्ल्यावर उभी असते आणि सुटीच्या शुक्रवारी आमच्याकडे फुकट राबते. मला 'आते' म्हणते, म्हणजे त्यांच्यात ताई. 'छातीत दुखतं का' या प्रश्नाला सगळे 'नाही' म्हणतात, हे मी तिला आनंदाने दाखवलं तर कपाळाला हात लावून म्हणाली, "आते, खरं कोण सांगेल? कुणी अनफिट लिहिलं की परतीचं तिकीट. आणि परत जाऊन काय? माझ्या बेटावर ईसीजीचं मशिन आहे, ते वाचणारा माणूस मंगळवारी येतो. मंगळवारी दुखलं तर नशीब." तिचे वडील बुधवारी गेले. मोठ्या गावच्या हॉस्पिटलकडे नेताना, होडीत.

तुझ्या घरापासून ईसीजी दहा मिनिटांवर आहे. काढून घे. एवढंच सांगायचं होतं.

उल्का


दोहा, रविवार, २६ जानेवारी

चि. श्रेयस,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. ईराकडून कळलं की खजूर घेतलेस आणि तिला चहा पाजलास. माझ्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस, हेही कळलं.

आमचं काम बरं चाललंय. गार्गीला शाळेसाठी समाजसेवेचे तास भरायचेत, म्हणून तीही शुक्रवारी टेबलाशी असते. सतरा वर्षांची घोडी झाली, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर. फिलिपिनो पोरांशी मात्र तिचं फार गूळपीठ.

नव्या स्वयंसेवकांचं ट्रेनिंग मीच घेते. काय करावं, काय करू नये. उदाहरणंबिदाहरणं देते. जाऊ दे, ते तुला वाचून कंटाळा येईल.

मरिसेलची गंमत सांगते. साऱ्या आवाराला हाताला धरून मशिनपाशी आणते. म्हाताऱ्या बायांना दटावते, "लाजता काय, हृदयच आहे ना!" आणि तिचा स्वतःचा ईसीजी? तीन शुक्रवार झाले, "पुढच्या वेळी, आते." फॉर्म मीच भरून घेतला, अठ्ठावीस प्रश्नांना अठ्ठावीस वेळा 'नाही'. मध्येच जबडा चोळत होती. दात दुखतो म्हणाली. तिचं बेकरीचं काँट्रॅक्ट एप्रिलमध्ये नवं व्हायचंय, त्याआधी कागदावर काही नको असणार. मी फार ताणलं नाही.

तुझ्यासारखीच आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

काढलास का?

उल्का


दोहा, रविवार, ९ फेब्रुवारी

श्रेयस,

हे पत्र कुरिअरने पाठवतेय, कोणाच्या जाण्याची वाट बघण्याइतका धीर नाही.

शुक्रवारी मरिसेलला हार्ट अटॅक आला. तिच्या घराच्या जिन्यावरच मी ईसीजी काढला, ॲम्ब्युलन्स बोलावली. सरकारी हॉस्पिटलात थेट आत घेतली, बंद पडलेली नळी उघडून स्टेंट बसवला. वाचली. संस्थेतले सगळे म्हणतात, "उल्का, तुझ्यामुळे वाचली." साहेबांनी मेल टाकून कौतुक केलं.

बघ, वेळेवर मशिन लावलं की माणूस वाचतं. आणखी काय सांगू तुला?

गार्गी दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये. वय आहे. विजय म्हणतो लक्ष देऊ नकोस.

जा आणि काढून घे.

उल्का


दोहा, रविवार, १६ फेब्रुवारी

श्रेयस,

मागचं पत्र फाडलं नसशील तर आता फाड. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही, तरी अख्खं पत्र खोटं आहे. खरं काय झालं ते लिहिते, आणि मध्ये न थांबता लिहिते, नाहीतर पुन्हा काहीतरी झाकेन. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही माझी जुनी खोड तुला ठाऊकच आहे.

त्या शुक्रवारी टेबल आवरलं तेव्हा दीड वाजला होता. सकाळपासून कोणी काही खाल्लं नव्हतं. चर्चमधल्या एका बाईने भात आणि तळलेली सुकी मासळी बांधून दिली, ती गाडीतच खाल्ली आणि मरिसेलला घरी सोडायला निघालो. ती माझ्या शेजारी, गार्गी मागे. हायवेला लागलो तशी मरिसेल पोटाच्या वर हात दाबून म्हणाली, "आते, इथे जळतंय." मग जबडा चोळायला लागली. एसी चालू असताना कपाळावर घाम. माझ्या फॉर्मवरच्या तीन प्रश्नांची उत्तरं शेजारच्या सीटवर बसली होती.

मी काय केलं असेल? डावा हात स्टिअरिंगवर ठेवून उजव्या हाताने पर्समधली डबी काढली. तीच, आईची फिरकीच्या झाकणाची पितळी डबी, ओवा आणि काळं मीठ. म्हटलं, "चावून खा. गॅसच असेल. रिकाम्या पोटी मासळी खाल्लीस ना."

मशिन डिकीत होतं, श्रेयस. माझ्या पाठीमागे चार हातांवर.

गार्गी मागून म्हणाली, "मम्मा, दॅट्स युअर स्लाइड." मी म्हटलं, "गप्प बस, गाडी चालवू दे."

आता त्या स्लाइडचं सांगते, कारण मागे 'कंटाळा येईल' म्हणून मी तीच गिळली होती. माझ्या ट्रेनिंगमधली सहावी स्लाइड अशी आहे: एका गृहस्थांच्या छातीत जळजळतं, मुलगा त्यांना ओवा देतो, पोट चोळतो, दोन तास थांबतो. खाली लाल अक्षरात, 'असं करू नका'. सगळे माना हलवतात, च्च च्च करतात. मी नाव लिहिलं नव्हतं. पण तो तू होतास. दीड वर्ष, दर महिन्याला, मी तुला भिंतीवर लावत होते आणि टाळ्या घेत होते.

मरिसेलला दारात सोडलं. तिने हात हलवला, मीही हलवला. परत निघालो. पेट्रोल पंपावर रांगेत थांबलो होतो तेव्हा गार्गी म्हणाली, आणि मराठीत म्हणाली, "मामाला पण असंच वाटलं असेल ना?"

मी रांगेतून गाडी काढली. मागच्याने हॉर्न वाजवून शिव्या घातल्या असतील, ऐकू आल्या नाहीत. पोचलो तर मरिसेल पहिल्या जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसलेली. वर चढताच आलं नव्हतं तिला. अंगातला शर्ट भिजून पाठीला चिकटलेला. तिथेच मशिन लावलं. गार्गीने दुपट्ट्याचा आडोसा धरला. पट्टी बाहेर यायला लागली आणि रेषा बघताच मी फोन लावला. ॲम्ब्युलन्स बारा मिनिटांत आली.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "दुखायला कधी सुरुवात झाली?" मी म्हटलं, "अर्ध्या तासापूर्वी." चांगला दीड तास होऊन गेला होता. दीड तास म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग दीड तास काय केलंत? तो प्रश्न मला माहीत होता. पंगतीत मीच तुला विचारला होता. गार्गी शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बाहेर जाऊन बसली. वय नाही तिचं ते. लाज वाटली तिला माझी.

तिसऱ्या दिवशी मरिसेल बोलण्यासारखी झाली. मी पलंगापाशी बसून रडायला लागले. म्हटलं, मला माफ कर, मला सगळं माहीत असून मी तुला ओवा दिला. तर ती माझाच हात थोपटत काय म्हणाली सांगू?

"आते, तुमची सहावी स्लाइड मला पाठ आहे. आमच्या भाषेत ती मीच तर सांगते. गाडीत मला कळलं होतं. पण तुम्ही डबी काढलीत आणि मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, आतेला सगळं समजतं, ती गॅस म्हणते तर गॅसच असणार. मलाही गॅसच हवा होता. गॅस झाला म्हणून कोणाला परत पाठवत नाहीत."

मी तिथून उठले, डॉक्टरांना गाठलं आणि खरी वेळ सांगितली. त्यांनी लिहून घेतली, "बरं केलंत" म्हणाले, आणि पुढच्या पेशंटकडे गेले. मला वाटलं होतं काहीतरी बोलतील. बोलले असते तर बरं वाटलं असतं. मरिसेलच्या हृदयाचा थोडा भाग कायमचा गेलाय. त्यातला माझ्या ओव्याने किती गेला, हे कोणी मोजून देत नाही.

तिच्या बेकरीचे मालक फैसल काल येऊन गेले. ती चादरीत तोंड लपवत होती, आता हे कामावरून काढणार म्हणून. त्यांनी ब्रेडची पिशवी ठेवली, काँट्रॅक्टचं विचारल्यावर "इन्शाल्ला" म्हणाले. इथे राहून अठरा वर्षं झाली, पण कोणता इन्शाल्ला 'हो' आणि कोणता 'नाही', हे मला अजून ओळखता येत नाही. ती तर रात्रंदिवस त्या एका शब्दाला घेऊन बसलीय.

श्रेयस, मी चुकले. जागाही चुकली, बोलणंही चुकलं. अण्णांना तू मारलं नाहीस. माझ्याकडे शिक्षण होतं, मशिन होतं, मागून पोरगी सांगत होती, तरी आपल्या माणसाला काही वाईट झालेलं नको म्हणून माझा हात डबीकडेच गेला. तुझ्याकडे तर यातलं काहीच नव्हतं. माफ कर मला. करायचं नसेल तर तसं रुचाकडून कळव, पण ईसीजी माझ्यावरच्या रागापायी टाळू नकोस. राग माझ्यावर काढ, जिवावर काढू नकोस.

उल्का


दोहा, मंगळवार, ११ मार्च

प्रिय श्रेयस,

तुझं पाकीट काल मिळालं. दारातच उभ्याने फोडलं. तुझ्या चार ओळी मी इतक्या वेळा वाचल्यात की आता इथे न बघता उतरवून काढते:

"ताई, दोन तास काय केलंस असं विचारलं होतंस. अण्णा म्हणाले, उल्कीला फोन करू नकोस, ती लगेच विमानात बसेल, गॅसच आहे. मग म्हणाले पत्ते काढ. दोन तास आम्ही बदाम सात खेळत होतो. ते जिंकत होते."

मी तीन वर्षं डोळ्यांसमोर काय काय आणत होते! अण्णा तळमळतायत, तू नुसता बघत बसलायस. आणि ते पत्ते खेळत होते. रडीचा डाव खेळले असणार, सत्त्या दाबून ठेवून. त्यांची सवय कुठे जाते! काल मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून हसले आणि मग इतकी रडले की विजय चपला घालून डॉक्टरला बोलवायला निघाला होता.

तू हे तेराव्याला का बोलला नाहीस रे? पंगतीत तुझं पान तसंच टाकून उठलास. मला तेव्हा वाटलं, चोराच्या मनात चांदणं. आता कळतं, बोलला असतास तर गेलेल्या माणसावर दोष ढकलल्यासारखं झालं असतं. म्हणून माझं सगळं तू अंगावर घेतलंस. मोठी मी, आणि मोठेपणा तू केलास.

इकडचं सांगते. सहावी स्लाइड बदलली. आता त्यात एक रिसर्चवाली बाई गाडीत मैत्रिणीला ओवा देते, आणि मशिन डिकीत असतं. बाईचं नाव लिहिलंय. पहिल्यांदा दाखवली तेव्हा कोणी च्च च्च केलं नाही. मग मागून एक नर्स म्हणाली, माझ्या आईला मी आल्याचा काढा दिला होता. फॉर्मवरचा प्रश्नही आम्ही बदलला, मरिसेलच्या सांगण्यावरून. 'छातीत दुखतं का' हे काढून टाकलं. आता विचारतो, 'शेवटचा गॅस कधी झाला, आणि तेव्हा तुम्ही काय करत होता?' गेल्या शुक्रवारी चाळीस माणसांपैकी अकरा म्हणाली, जिना चढत होतो.

फैसलचा तो इन्शाल्ला 'हो' निघाला. काँट्रॅक्टवर सही झाली. रमझानमुळे संध्याकाळी बेकरीत तोबा गर्दी असते, तरी मरिसेलला अर्धा वेळच बोलावतात आणि गल्ल्यामागे आता खुर्ची ठेवलीय. आज मी ब्रेड आणायला गेले तर राणीसारखी बसली होती. तुझ्याबद्दल विचारत होती. म्हटलं, भाऊ बोलला. ती म्हणाली, मग मशिनचं?

तर आता मशिनचं. पाकिटात ती घडी घातलेली पट्टी पण होती. रुचाला न सांगता एकटाच जाऊन काढून आलास. खाली छापलेलं 'डॉक्टरांना दाखवा' पेनाने गोल करून शेजारी प्रश्नचिन्ह काढलंयस, जसं काही पोरांचा पेपर तपासतोयस. तीन वर्षांनी तू मला काहीतरी विचारलंस, ते हे.

मी पट्टी टेबलावर सपाट केली आणि बघितली. खरं सांगू? पहिला विचार मनात आला तो हाच, की काही नसेल, मशिन जुनं असेल, वायर सैल असेल. इतकं मनापासून वाटलं की पट्टी परत पाकिटात घालणार होते. मग मरिसेलचं 'मलाही गॅसच हवा होता' आठवलं. पट्टी उचलली आणि आमच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

श्रेयस, हा गॅस नाही. तीन रेषा जिथे सरळ हव्यात तिथे खाली वाकल्यात. घाबरण्यासारखं आज काही नाही, पण महिनाभर टाळण्यासारखंही नाही, असं डॉक्टर म्हणाले. जिन्याने अजून तुला वेळ दिलाय. रुचाला काल फोन केला, तिने शनिवारी सकाळी अकराची वेळ घेतलीय. तोवर कॉलेजला रजा टाक, आणि छातीत, जबड्यात, हातात कुठे काहीही वाटलं तर शनिवारची वाट न बघता थेट हॉस्पिटल. रजेच्या अर्जात कारण काय लिहू असं विचारू नकोस, नोटीस बोर्ड वाचायचाय असं लिही.

मी शुक्रवारी येतेय. हे पत्र ईराचा भाऊ उद्या आणून देईल, म्हणजे मी दारात उभी राहायच्या आत तुला दोन दिवस रागवायला मिळतील. गार्गीही येतेय, तिला मामाला काहीतरी मराठीत सांगायचंय म्हणे, कालपासून घोकतेय.

डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर मी तोंड मिटून बसेन. नाही जमलं तर रुचाला सांग, ती मला चहाला घेऊन जाईल. आणि अण्णा आता विमानाची भीती घालायला नाहीत, तेव्हा यापुढे कुठे काही जळलं, दुखलं, तर आधी मला फोन. नंबर तोच आहे. तेवढं ब्लॉक काढ.

पत्ते मी आणते. पण आधी डॉक्टर, मग डाव.

तुझी,
ताई